आधी गाडीभाडे, मग पदक

अंबरनाथचे शिवालय एके काळी त्याच्या खऱ्या वयापेक्षा दोनशे वर्षांनी जुने मानले जात होते. देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात, नवव्या खंडात, प्रसिद्ध केला. त्यातला शक त्यांनी ७८२ असा वाचला, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे बाराव्या खंडात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सुधारलेल्या ठशासह तोच लेख पुन्हा छापला आणि शक निघाला ९८२, म्हणजे सन १०६०. आज जो तो सांगतो ती हीच तारीख. दुरुस्ती एका अंकाची होती, पण तिच्यामागचा व्यवहार लक्षात घेण्यासारखा आहे. ज्याने चूक काढली तो माणूस, ज्याची चूक निघाली त्याच्याच पैशाने वर्षानुवर्षे देशभर हिंडून लेख वाचायला शिकला होता. विद्वत्सभा काय करतात आणि काय करायला हवे, या प्रश्नाचे माझे उत्तर याच व्यवहारातून निघते. आपल्याकडच्या संशोधन संस्था कारकीर्द संपत आलेल्यांच्या गळ्यात पदक घालण्यात जितक्या तत्पर असतात, तितक्याच कारकीर्द सुरू करणाऱ्याच्या हातात गाडीभाडे ठेवण्यात कंजूष असतात. ज्ञानाची खरी भर मात्र त्या गाडीभाड्यातून पडते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याइतका याचा उघड पुरावा क्वचितच कुठे मिळेल, कारण चूक इथल्या दगडावर झाली, दुरुस्तही इथल्याच दगडावर झाली, आणि गाडीभाड्याअभावी घरी बसलेली मुलेही इथेच आहेत.

आधी तो लेख पाहू. वालधुनीच्या काठचे हे देऊळ पश्चिमाभिमुख आहे. सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली जावे तेव्हा गाभारा लागतो. लेख आहे तो उत्तरेकडच्या दाराच्या आतल्या अंगाला, तुळईवर. संस्कृत मजकुरात शके ९८२, श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार अशी मिती, महामंडलेश्वर माम्वाणीराजाचे नाव आणि आम्रनाथाच्या देवालयाचा उल्लेख आहे. अशा जागी लेख वाचायचा म्हणजे मान वर करून, दिवा तिरका धरून, डाव्या बाजूने एकदा आणि उजव्या बाजूने एकदा अक्षरांच्या सावल्या पाहाव्या लागतात. मग ठसा घ्यायचा. दगड धुऊन स्वच्छ करायचा, ओला कागद त्यावर बसवायचा, ब्रशने ठोकत ठोकत खोलगट अक्षरांत दाबायचा, आणि अर्धवट वाळला की शाईच्या बोळ्याने हलक्या हाताने टिपत जायचे. उंचवट्यावर काळे उमटते, अक्षर पांढरे राहते. नऊशे वर्षे झिजलेल्या दगडावर एखादा टवका उडालेला असेल तर नऊच्या अंकाचा सात व्हायला वेळ लागत नाही. कोणता टवका काळाने उडवला आणि कोणती रेघ छिन्नीने मारली, हे ज्याने असे शेकडो दगड पाहिलेत त्यालाच कळते. या विद्येत हुशारीइतकाच सरावाला मान आहे, आणि हा सराव फिरूनच होतो.

शक ७८२ धरला असता तर काय झाले असते, तेही पाहण्यासारखे आहे. कान्हेरीच्या लेण्यांत शके ७७५ आणि ७९९ चे लेख आहेत. त्यांत कोकणचा शिलाहार राजा म्हणून दुसरा कपर्दी येतो, तोही राष्ट्रकूट अमोघवर्षाचा मांडलिक म्हणून. मग मधेच ७८२ मध्ये शिलाहार माम्वाणी कुठे बसवायचा? शिलाहारांची वंशावळच विस्कटली असती. स्थापत्याच्या इतिहासाचीही तीच गत. अंबरनाथचे शिखर भूमिज पद्धतीचे. याच पद्धतीचे माळव्यातले उदयपूरचे उदयेश्वर मंदिर परमार उदयादित्याने अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले. १०६० ही तारीख मिळाल्यामुळे अंबरनाथ त्याच्या शेजारी येऊन बसते आणि भूमिज शैलीच्या सर्वांत जुन्या, तारीख माहीत असलेल्या देवळांपैकी एक ठरते. वा. वि. मिराशींनी विदर्भ संशोधन मंडळासाठी शिलाहारांचा इतिहास आणि त्यांचे कोरीव लेख मराठीत सिद्ध केले, त्याच्या कितीतरी आधी हा पाया घातला गेला होता. एक अंक सुटला की मागची सगळी बेरीज चुकत जाते.

आता तो व्यवहार. भगवानलाल जुनागढचे, जन्म १८३९ चा. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा लेख आहे. घराजवळचा तो दगड वाचण्याच्या नादातून त्यांची विद्या सुरू झाली. अलेक्झांडर किनलॉक फोर्ब्स यांच्या शिफारशीवरून ते मुंबईत भाऊ दाजींकडे आले. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर, मुंबईत मोठे नाव, मोठी कमाई. त्यांना प्राचीन इतिहासाचा ध्यास होता, पण दवाखाना सोडून महिनोन्महिने हिंडणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी भगवानलालांना खर्च देऊन गावोगाव पाठवले. गुजरात, राजस्थान, मथुरा, शेवटी नेपाळ असा हा प्रवास चालला. बैलगाडी, उंट, पायपीट, काय मिळेल ते वाहन. मथुरेत त्यांना खरोष्ठी अक्षरांनी भरलेले सिंहशीर्ष सापडले, ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नेपाळच्या दौऱ्यातून तेवीस लेख हाती आले. १८८० च्या ‘इंडियन अँटिक्वरी’त ते छापून आले तेव्हा नेपाळच्या प्राचीन राजवंशांचा काळ पहिल्यांदा ताळ्यावर आला. भगवानलालांचे इंग्रजी बेताचे होते. ते गुजरातीत लिहीत, आणि ब्यूलरसारखे पंडित त्याचे भाषांतर करीत. आजच्या कुठल्याही अनुदानाच्या छापील फॉर्मपुढे हा माणूस बसवला असता तर ‘शैक्षणिक अर्हता’ या रकान्यापाशीच अर्ज बाद झाला असता.

मानसन्मान त्यांनाही मिळाले, पण फार पुढे. १८८३ मध्ये लायडनला प्राच्यविद्या पंडितांची सहावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्या कार्यवृत्तात त्यांचा हाथीगुंफा लेखावरचा निबंध आहे. लायडन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. युरोपात ते कधी गेले नाहीत. १८८८ मध्ये, पन्नाशीही न गाठता, मुंबईत वारले. लायडनच्या त्या पदवीने इतिहासात एका ओळीचीही भर पडली नाही, पडणार तरी कशी? ती झालेल्या कामाची पावती होती. काम झाले होते भाऊ दाजींच्या खिशातून निघालेल्या प्रवासखर्चावर. पण याच गोष्टीत व्यक्तीच्या आश्रयाची मर्यादाही दिसते. १८७४ च्या मे महिन्यात भाऊ दाजी वारले तेव्हा भगवानलाल नेपाळच्या मोहिमेवर होते. आश्रयदाता गेला की मोहीम उघड्यावर पडते. संस्था माणसासारखी मरत नाही, म्हणून हे काम संस्थेने करायचे असते.

मग संस्था काय करत होती? मुंबईची ही सभा १८०४ ची. जेम्स मॅकिंटॉश यांनी ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ म्हणून स्थापन केलेली, नंतर लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची शाखा झालेली, आणि आज टाउन हॉलमध्ये ‘एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई’ म्हणून उभी असलेली. तिने ग्रंथालय दिले, नियतकालिक दिले, वाद घालायला व्यासपीठ दिले. हे उपकार थोडे नव्हेत. चुकीचे वाचन आणि त्याची दुरुस्ती दोन्ही एकाच नियतकालिकात छापणे ही विद्वत्सभेची खरी कमाई. पुढे तिने पदके सुरू केली. त्यांतले एक जेम्स कॅम्बेल यांच्या स्मरणार्थ आहे. हे कॅम्बेल म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या खंडांत अंबरनाथची सविस्तर नोंद आहे, आणि त्या कामात त्यांना भगवानलालांची मोठी मदत झाली. त्याच वर्षी भगवानलालांनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला. गॅझेटियर हेही शेवटी प्रवासखर्चाचेच फळ होते, फक्त पैसा सरकारी होता. याच देवळासाठी सरकारने १८६८ मध्ये जे. जे. कला शाळेचे टेरी यांना विद्यार्थ्यांसह पाठवून रेखाटने आणि साचे करून घेतले होते, हेही विसरू नये. विद्यार्थ्यांना घेऊन, हे महत्त्वाचे. कॅम्बेलांच्या नावाने पदक निघाले. त्यांनी ज्या पद्धतीने काम करून घेतले त्या पद्धतीच्या नावाने निधी निघाला असता तर अधिक शोभले असते, असे मला वाटते.

परदेशवारीचीही तीच कथा. १८७४ मध्ये लंडनला प्राच्यविद्या परिषदेचे दुसरे अधिवेशन भरले. रा. गो. भांडारकरांचा नाशिकच्या लेण्यांतल्या लेखांवरचा निबंध तिथे गेला, भांडारकर गेले नाहीत. बारा वर्षांनी, १८८६ मध्ये, मुंबई सरकारने त्यांना प्रतिनिधी म्हणून व्हिएन्नाच्या अधिवेशनाला पाठवले तेव्हा त्यांचे वय एकोणपन्नास होते. युरोपच्या पंडितांशी प्रत्यक्ष बोलणे, त्यांची हस्तलिखित भांडारे पाहणे, आपल्या मतांना समोरासमोर धार लावून घेणे हे सदतिसाव्या वर्षी घडले असते तर काय झाले असते याचा हिशेब कोणी मांडू शकत नाही. पण एवढे खरे की परिषदेला जाण्याचा लाभ तरुणाला जास्त होतो आणि निमंत्रण मात्र ज्येष्ठाला आधी येते. ही उलटी रचना एवढ्या वर्षांत फारशी सरळ झालेली नाही.

पदकांवर सरसकट राग धरण्यात अर्थ नाही, हे मान्य करायलाच हवे. पां. वा. काणे यांची गोष्ट उलट दिशेने बोलते. विद्यापीठाचे विश्वनाथ नारायण मंडलिक सुवर्णपदक त्यांनी तरुणपणी दोनदा मिळवले, आणि ते नुसते गळ्यात पडणारे पदक नव्हते, नेमून दिलेल्या विषयावर प्रबंध लिहून कमवायचे होते. त्यांपैकी अलंकारशास्त्राच्या इतिहासावरच्या प्रबंधातून पुढे मोठे काम उभे राहिले. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० पासून १९६२ पर्यंत निघत राहिले, १९६३ मध्ये भारतरत्न आले. या साखळीत पहिली कडी महत्त्वाची की शेवटची? भारतरत्न मिळाले म्हणून काही सहावा खंड निघाला नाही. मंडलिक पदकामुळे मात्र वकिली करू पाहणारा एक तरुण शास्त्राकडे वळला. त्याही आधी जायचे तर पेशव्यांच्या श्रावणातल्या दक्षिणेचे उदाहरण आहे. इंग्रजी अमलात त्या रकमेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे आणि काही दक्षिणा फेलोशिपकडे वळवण्यात आला. न्या. रानडे आणि भांडारकर, दोघेही दक्षिणा फेलो होते. शिकता शिकता शिकवायचे आणि पोटाची चिंता करायची नाही, एवढीच ती सोय. एकाच निधीतून बक्षीसही निघते आणि फेलोशिपही. बक्षिसांतून आलेल्या भाषांतरांपैकी आज कितीशी वाचली जातात? फेलोशिपने दिलेली दोन माणसे मात्र शतकाला पुरली. तेव्हा तक्रार पदकाबद्दल नाही, ते केव्हा आणि कशासाठी दिले जाते याबद्दल आहे.

बडोद्याच्या सयाजीरावांना हे नेमके कळले होते. धर्मानंद कोसंबी सिलोन-ब्रह्मदेशात पाली शिकून आले, तेव्हा सयाजीरावांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात कुठल्याही गावी राहावे आणि ग्रंथ लिहावेत. कलकत्त्यातल्या जास्त पगाराच्या नोकरीवर पाणी सोडून कोसंबी त्या ५० रुपयांसाठी आले, आणि मराठीत बौद्ध वाङ्मयाचे दार उघडले. त्यांनाच पुढे हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी बोलावणे आले. याच दरबाराने १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांवर तीन वर्षांसाठी कोलंबियाला पाठवले. तिथे १९१६ मध्ये वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. पण मुदत संपली तशी १९१७ मध्ये लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा जायला १९२० उजाडले, तेही स्वतःची शिल्लक आणि मित्रांची, शाहू महाराजांची मदत जोडून. मदत वेळेवर दिली तर काय होते आणि मध्येच आटली तर काय होते, हे दोन्ही एकाच आयुष्यात दिसते.

आता आजच्या पट्ट्यात येऊ. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. अंबरनाथ आणि उल्हासनगर त्याच्या अलीकडे. इथला माणूस प्रवासाला घाबरत नाही, तो रोज करतो. इथे अंबरनाथला नौदलासाठी मटेरियल्सचे संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आहे, शस्त्रास्त्र कारखाना आहे, अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत, उल्हासनगरात फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी उभी केलेली महाविद्यालये आहेत. पदव्युत्तर शिक्षण घेणारी, पीएचडीला नाव नोंदवलेली मुले-मुली आहेत. त्यांतल्या एखादीचा निबंध परदेशातल्या परिषदेने स्वीकारला असे धरू. पुढचा क्रम ठरलेला आहे. नोंदणी शुल्क डॉलरमध्ये, तेही मुदतीत. व्हिसाचे शुल्क, जे नकार मिळाला तरी परत येत नाही. विमानाचे तिकीट. प्राचार्यांकडून ना-हरकत, विद्यापीठाकडून ‘थ्रू प्रॉपर चॅनेल’ पत्र. योजना नाहीत असे कोणी म्हणू नये. केंद्राच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची (सर्ब) आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्य योजना होती, तिचे खाते आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आले. सीएसआयआर आहे, इतिहासवाल्यांसाठी भारतीय इतिहास अनुसंधान परिषद आहे, समाजशास्त्रांसाठी आयसीएसएसआर आहे. परदेशी विद्वत्संस्थाही विद्यार्थ्यांना थोडीफार प्रवासवृत्ती देतात. अडचण पैसा केव्हा मिळतो इथे आहे. पुष्कळ ठिकाणी खर्च आधी स्वतः करायचा, मग बोर्डिंग पास, मूळ बिले आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट जोडून वाट पाहायची. ज्याच्या घरी लाख-दीड लाख रुपये सहा महिने अडकून पडले तरी चूल पेटते, त्यालाच ही मदत घेता येते. म्हणजे गरज ज्याची सर्वांत कमी, मदत त्याच्या सर्वांत सोयीची. कागदावर अट समान, परिणाम असा.

दुसरी गाळणी आहे ती नोकरीची. आपल्या महाविद्यालयांत निम्मे काम तासिका तत्त्वावरचे अध्यापक ओढतात असे म्हटले तर प्राध्यापकांच्या खोलीत कोणी वाद घालणार नाही. त्यांना सुट्टीचा पगार नाही, आणि प्रवास अनुदानाच्या बहुतेक नियमांत ‘नियमित अध्यापक’ हा शब्द बसलेला असतो. जो शिकवतो, वाचतो, पेपरही लिहितो, पण हजेरीपटावर कायम नाही, तो अर्जाच्या पहिल्याच पानावर गळतो. विद्वत्सभेला हे बंधन नसते. ती सरकार नाही, तिला संवर्ग, रोस्टर, मंजूर पदे यांच्याशी देणेघेणे नाही. सभासद म्हणून ती कोणालाही घेऊ शकते आणि कोणालाही भाडे देऊ शकते. भाऊ दाजींनी भगवानलालांना नेमणूकपत्र कुठे विचारले होते?

आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत, आणि त्यांतला पहिला वजनदार आहे. प्रवास अनुदान म्हणजे सहलीचा धंदा. २०१० च्या यूजीसी नियमांनी अध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय गुण आणले, परिषदेत पेपर वाचला की गुण, आणि पाहता पाहता गावोगाव ‘आंतरराष्ट्रीय’ परिषदा भरू लागल्या. परदेशातला एक पाहुणा ऑनलाइन, तीनशे पेपर, प्रत्येकाला पाच मिनिटे, प्रमाणपत्र, जेवण आणि स्मरणिका. बँकॉक-दुबईच्या हॉटेलात भरणाऱ्या परिषदांचे तर बोलायलाच नको. हे सगळे खरे आहे. पण त्याचे कारण गाडीभाडे नाही, गुण आहेत. प्रमाणपत्राला किंमत दिली की प्रमाणपत्रे पिकतात. उपाय असा की विद्वत्सभेने परिषदेच्या आमंत्रणाला पैसे देण्यापेक्षा प्रश्नाला द्यावेत. कुठल्या दप्तरात, कुठल्या दगडावर, कुठल्या प्रयोगशाळेत काय पाहायचे आहे, हे अर्जात एका पानात लिहून घ्यावे. परतल्यावर काय दिसले ते चार पानांत लिहून घ्यावे. काहीच दिसले नाही, दप्तर वाळवीने खाल्ले होते, असे लिहिले तरी चालावे. सहलीला निघालेल्याला ही चार पाने विमानाच्या तिकिटापेक्षा महाग पडतात, हा अनुभव कुठल्याही संपादकाला विचारावा.

दुसरा आक्षेप नवा आहे. आता प्रवास कशाला? एशियाटिकने ‘ग्रंथ संजीवनी’वर जुने ग्रंथ आणि नियतकालिके ऑनलाइन ठेवली आहेत, परिषदा झूमवर होतात. यातला लाभ मी नाकारत नाही. बदलापूरच्या लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर जुने खंड वाचणे ही भाऊ दाजींच्या काळी कल्पनेतही न बसणारी चैन आहे. पण स्कॅन तेवढेच दाखवते जेवढे आधी कोणी छापले. ७८२ चा आकडा छापील पानावर कितीही मोठा करून पाहिला तरी त्याचा ९८२ होत नाही, त्यासाठी तुळईखाली उभे राहावे लागते. शिवाय परिषदेत खरे काम व्यासपीठावर थोडे आणि चहाच्या टेबलाशी जास्त होते. एखादा नवखा अभ्यासक आणि त्याच विषयात वीस वर्षे घालवलेला माणूस तिथे समोरासमोर येतात. झूमवर ‘म्यूट’ दाबून बसलेल्या तीनशे चौकटींत ही गाठ पडत नाही. गणितासारख्या, कागद-पेन्सिलीवर चालणाऱ्या शास्त्रालाही हे पटले आहे. २०१४ मध्ये सोलला गणितज्ञांची जागतिक परिषद भरली तेव्हा यजमान कोरियाने विकसनशील देशांतल्या एक हजार गणितज्ञांना आणण्याची योजना आखली होती. कोरिया स्वतः कधी काळी अशाच मदतीवर शिकला, ही परतफेडीची भावना त्यामागे होती.

तिसरा आक्षेप मराठी माणसाच्या विशेष आवडीचा. ज्याच्यात धमक आहे तो जातोच, राजवाड्यांना कोणी अनुदान दिले? इतिहासाचार्य राजवाडे खरोखरच कनवटीला काही नसताना गावोगाव हिंडले, वाड्यांतल्या माळ्यांवरून दप्तरे काढली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत उभी केली. त्यांच्या त्यागापुढे नतमस्तक व्हावे, पण तो धोरण म्हणून मांडू नये. राजवाडे एक झाले. त्यांच्यासारखी दप्तरे पाहू शकले असते असे किती जण प्रपंचाच्या ओझ्याखाली कारकुनी करत राहिले, त्यांची नावे कुठल्याच खंडात नाहीत, म्हणून ते झालेच नाहीत असे आपण धरून चालतो. आणि स्वतः राजवाड्यांनी काय केले? १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. एकट्याच्या पायपिटीवर इतिहास चालत नाही हे त्यांच्याइतके कोणाला कळले असणार.

प्रवास म्हणजे परदेशच असे डोक्यात बसले आहे, तेही काढायला हवे. या पट्ट्यात येण्यासाठीही कोणाला तरी भाडे लागते. बदलापूरला श्याम जोशी यांनी उभे केलेले ‘ग्रंथसखा’ वाचनालय आहे. जुनी मराठी पुस्तके आणि नियतकालिके पाहायला अभ्यासकाने तिथे यावे, अशी ती जागा. गडचिरोली किंवा बेळगावच्या विद्यार्थ्याला तिथे आठवडाभर राहायचे तर रेल्वेचे शयनयान आणि एखादी खोली, एवढाच खर्च. एखाद्या सुवर्णपदकातल्या सोन्यात असे कितीतरी आठवडे निघतील. अंबरनाथच्या देवळाच्या परिसरावर कोट्यवधींची कामे होत आहेत, महोत्सव होतात, चांगलेच आहे. त्यातला एक लहानसा तुकडा शिलाहारांचे लेख पाहत कोकणभर हिंडणाऱ्या दोन विद्यार्थ्यांसाठी ठेवला तर महोत्सवाचा एक दिवाही कमी होणार नाही. वालधुनीचेही तसेच. अंबरनाथचे कारखाने आणि उल्हासनगरच्या जीन्स धुणाऱ्या युनिटांनी तिचे जे केले ते न्यायालयांपर्यंत गेले. इथल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने नमुने घेऊन, चांगल्या यंत्रांच्या प्रयोगशाळेत महिनाभर बसून, ते एखाद्या शास्त्रीय सभेपुढे मांडले तर घराजवळचा दगड वाचत वाचत पुढे गेलेल्या भगवानलालांचीच वाट तो चालत असेल.

राहिला पैशाचा प्रश्न. संस्था गरीब आहेत, इमारतीची गळती थांबवायला पैसे नाहीत, भाडे कुठून देणार? खरे आहे. पण पदके तरी संस्थेच्या पैशाने कुठे निघतात? देणगीदार येतो, वडिलांच्या नावे काहीतरी करायचे म्हणतो, आणि संस्था त्याला पदक सुचवते, कारण ते सोपे असते. वर्षातून एक समारंभ, एक फोटो, हिशेब बंद. त्याच वेळी तिने स्मृती प्रवासनिधी सुचवला तर देणगीदार नाही म्हणेल असे वाटत नाही. नाव तेच राहते, आणि दरवर्षी एकाऐवजी पाच-सहा अहवालांवर छापले जाते. उल्हासनगरला तर हे समजावून सांगायलाही नको. १९४९ मध्ये छावणीचे शहर झाले तेव्हापासून तिथल्या शाळा-महाविद्यालयांच्या पाट्यांवर देणगीदारांच्या आईवडिलांची नावे आहेत. सिंधमधून रिकाम्या हाताने आलेल्या पिढीने ती लावली आहेत. त्या पिढीची पत्रे, चोपड्या, जमिनीच्या दाव्यांचे कागद घराघरांत ट्रंकेत पडून आहेत, बरेचसे अरबी वळणाच्या सिंधी लिपीत, आणि नातवंडांना ती लिपी येत नाही. कच्छमध्ये आदिपूरला सिंधी अभ्यासाची संस्था १९८९ पासून आहे. तीन-चार विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्यात तिथे पाठवून लिपी शिकवून आणणे, आणि परत आल्यावर कॅम्पातल्या घरांत बसून ते कागद वाचायला लावणे, हे अशा निधीचे पहिले काम होऊ शकते. जाण्या-येण्याचे भाडे, दोन महिन्यांचे जेवणखाण आणि राहण्याची सोय, सगळे आधी हातात द्यायचे. ट्रंका रद्दीवाल्याकडे जायला सुरुवात झालेलीच आहे.